पिवळोबाची चोच

डोंगर अजून जागे व्हायचे होते, तेव्हाची गोष्ट. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणींची घरटी झुलायची. नाव बाईचं, पण घर विणतो बाप्या; बाई नुसती बघायला येते, पटलं तर राहते. त्यातल्याच एका बाप्याला, पिवळोबाला, यंदा तरी कुणीतरी राहायला हवी होती.

दुपारी कावळा बातमी घेऊन आला. "टेकडीपल्याड मुंग्या नि वाळवीची लढाई जुंपलीय."

"चूक मुंग्यांचीच," पिवळोबा म्हणाला. विणायला चोचीत धरलेलं गवताचं पातं खाली पडलं.

"वाळवीनं वारूळ बळकावलं, त्याचं काय?"

"तिच्या आजोबांचंच होतं ते." दुसरं पातं पडलं.

ऊन कललं, तरी वाद चालूच. पाती विहिरीत होडक्यांसारखी तरंगत राहिली.

सांजेला एक सुगरण आली. घरट्यात डोकावली, तर थेट पाणीच दिसलं.

"अहो, लढाईत कोण जिंकलं?"

"अजून ठरायचंय."

"मग ठरलं की कळवा. माझी अंडी विहिरीत बसून ऐकतील."

पिवळोबा ओशाळला. "जरा थांब, बूड विणतोच," म्हणत त्यानं पातं उचललं. सुगरण फांदीवर टेकली.

"मुंग्यांनी माघार घेतली म्हणे," कावळा हळूच बोलला.

पिवळोबानं चोच घट्ट मिटली. वारा आला, घरटं झुललं, पातं थरथरलं.

"साफ खोटं," पिवळोबा म्हणाला.

फांदी हलली, तेव्हा सुगरण उडाली होती.