रुसलेलं निशाण

एक होता राजा. त्याच्या गडावर एक निशाण होतं आणि ते आपलं आपण काठीवर चढायचं, बरं का. राज्य उभं राहिलं तो दिवस आला की दरसाल गोमाजी भालदार तीन शूरांची नावं ललकारायचा आणि निशाण सरसर वर जायचं.

यंदा मात्र ते हललंच नाही. इतकी वर्षं चढलं, मग आत्ताच काय झालं? मलाही ठाऊक नाही बाई. वाट बघून कंटाळलं असेल.

गोमाजी गोंधळला. राजा म्हणाला, दिवस मावळायच्या आत निशाण चढलं नाही, तर राज्य मोडलं असं समजून शत्रू चालून येईल. मग गोमाजीने तीच नावं घसा फाटेस्तोवर ललकारली. निशाण ढिम्म. मग शूरांच्या घोड्यांची, हत्तींची, तोफांचीसुद्धा नावं घेतली. तरी ढिम्म.

मग त्याने निशाण हातात घेऊन नीट पाहिलं. ते तीन जुन्या लुगड्यांचं शिवलेलं होतं. कुणाची बरं ही? म्हाताऱ्यांनी सांगितलं, एक नावाड्याच्या बायकोचं, तिने पुरातून फौज पार नेली. दुसरं पाटलाच्या सुनेचं, तिने वेढ्यातून गडावर धान्य पोचवलं. तिसरीने ढासळलेला बुरूज रातोरात रचून काढला.

"ती तुझीच आजी की रे," ते म्हणाले.

मग गोमाजीने ललकारलं, नावाड्याची बायको, पाटलाची सून, माझी आजी. निशाण हातभर चढलं आणि धपकन खाली आलं.

आता मात्र त्याचं डोकंच चालेना. जगाची नावं घेणारा तो, आणि आजीचं नाव त्याला येत नव्हतं. त्याला रडू आलं. दिवस तर कलायला लागला होता. तो धावत घरी आत्याकडे गेला. आत्या शेंगा सोलत बसली होती. तिला तिन्ही नावं पाठ होती.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही," आत्या म्हणाली.

मग गोमाजी धापा टाकत गडावर आला आणि ललकारला, "चिमाबाई! भागूबाई! ठकूबाई!" निशाण सरसर चढलं ते थेट टोकाला. चालून येणारा शत्रू ते बघून आल्या वाटेने परत गेला. राजा सुखी झाला, गोमाजी सुखी झाला, आणि आत्याने उरलेल्या शेंगा सोलल्या.

चला, मिटा डोळे. पण आधी माझं नाव सांगा बघू. आजी नव्हे रे, नाव. नाही येत? द्वारका. म्हणा एकदा. हं, आता झोपा.