डोणीतलं कौल

फार जुनी गोष्ट. विहिरीजवळ गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी होती आणि तिच्यात बरेच बेडूकमासे राहत. पाण्यात एक फुटकं कौल भिंतीला तिरपं टेकलेलं होतं, वरचं टोक पाण्याबाहेर. पोहताना त्यावर सगळ्यांची डोकी आपटत.

"खेकडेमामा, ही अडगळ एकदाची आडवी पाडा हो!" अशी डोणीतल्या खेकड्याकडे त्यांची रोज कटकट चाले.

शेवटी वैतागून खेकड्याने कौलाला नांगी लावली. तेवढ्यात थोरला बेडूकमासा धापा टाकत आला. त्याला चारही पाय फुटले होते आणि शेपूट आखडत चाललं होतं.

"मामा, थांबा! मला पाण्यात गुदमरतंय."

"पाण्यात जन्मलास आणि पाण्यातच गुदमरतोस?" धाकटा हसला.

थोरला काठाकडे झेपावला. डोणीची भिंत सरळ उभी होती, शेवाळाने बुळबुळीत झालेली. तो घसरून खाली आला. पुन्हा चढला, पुन्हा घसरला. आता कुणीच हसत नव्हतं. खेकड्याने घाईने नांगी काढली. थोरला कसाबसा कौलावर चढला आणि तोंड वर करून त्याने श्वास घेतला.

धाकट्याने हळूच स्वतःच्या शेपटीकडे पाहिलं. तिच्या दोन्ही बाजूंना बारीक पाय फुटू लागले होते.

"मामा," तो घाबरून म्हणाला, "कौल हललं तर नाही ना?"