वेळूचा बाक

कृष्णाकाठच्या एका संस्थानात दिवाणसाहेबांना गळ टाकून मासे धरण्याचा भारी नाद, आणि त्याहून भारी नाद दुसऱ्याच्या कामात खोट काढण्याचा. त्यांनी गळासाठी सांगितलेली वेळूची काठी घेऊन हौसाबाई बुरडीण कचेरीत आली. साहेबांनी एक डोळा मिटून काठीवरून नजर फिरवली आणि ते गरजले, "ही तर वाकडी! माझ्यापुढे वाकडं खपत नाही. उद्यापासून नदीकाठचं वेळूचं बेट दुसऱ्या बुरडाला!"

त्या बेटावरच हौसाबाईचं घर चालत होतं. तरी ती शांतपणे म्हणाली, "सरकार, वेळूला जन्माचाच बाक असतो. तो कुठल्या अंगाला ठेवायचा, तेवढंच आमच्या हातात. तुमच्या पसंतीची सरळ काठी आणवा की."

साहेबांनी भिंतीवरची लाडकी काठी काढायला लावली. शिपायाने दोन्ही काठ्या आडव्या धरल्या. हौसाबाईने दोन्हींच्या शेंड्याला सारखंच शिसं टांगलं. साहेबांच्या काठीने मान खाली घातली. हौसाबाईच्या काठीचा बाक वरच्या अंगाला होता, म्हणून ती ओझ्याने सुतासारखी सरळ झाली.

कारकून हसू दाबू लागले. साहेब मात्र हटेनात. "पण रिकामी असताना ती वाकडीच दिसते!"

"खरंय, सरकार," हौसाबाई हात जोडून म्हणाली. "मासा लागायचाच नसेल, तर तुमचीच काठी चांगली."

आधी हसू फुटलं ते साहेबांनाच. बेट हौसाबाईकडेच राहिलं, आणि त्या संध्याकाळी साहेब नदीवर गेले ते वाकडी काठी घेऊन.