आडव्या फळ्या

एकदा एक शिष्य हट्टालाच पेटला. घराची लाकडी जमीन आपण आपल्याच हातांनी घालायची, आणि तीही अशी, की गावाने बघत राहावे. हातात कसब होते, डोक्यात थोडी हवा होती. फळ्या त्याने माशाच्या काट्यासारख्या तिरप्या मांडल्या आणि खिळे ठोकण्याआधी आपल्या गुरूला, एका वृद्ध सुताराला, बोलावून आणले.

घरात त्याचे वडील होते. कंपवाताने त्यांची पावले खिळून जात. उठून उभे राहत, आणि मग पाय जमिनीला चिकटल्यासारखे तिथेच. अंगणातल्या पेरूखाली जाऊन बसायची त्यांना फार इच्छा. पण मुलाने उचलून न्यायचे म्हटले की मान फिरवीत. "मी काय पोतं आहे?"

वृद्ध सुताराने नक्षी पाहिली, वडिलांच्या खाटेकडे पाहिले. म्हणाला, "काढ सगळं."

"मेस्त्री, चूक कुठे झाली ते तरी सांगा!"

"चूक नाही. देखणं आहे. काढ."

शिष्याने धुसफुसत फळ्या काढल्या. मग वृद्धाने खाटेपासून दारापर्यंत त्या आडव्या मांडायला लावल्या. एक रुंद फिकट फळी, मग एक अरुंद काळी पट्टी. पुन्हा फिकट, पुन्हा काळी.

"हे काय मेस्त्री! शिडी आडवी पडल्यासारखी दिसतेय. खोली आखूड वाटेल. लोक हसतील मला."

"लोकांना चालायचंय का इथं?"

एवढे बोलून तो खाटेपाशी गेला. "उठा हो. ती काळी पट्टी दिसते ना? ओलांडा."

वडील उठले. पाय थरथरले आणि थांबले. मुलगा धरायला धावला, तसे वृद्धाने त्याला सदऱ्याला धरून मागे खेचले. वडील खाली पाहत राहिले. मग एखादा ओहोळ ओलांडावा तसा त्यांनी पाय उचलला आणि पट्टीपलीकडे टेकवला. मग दुसरा. पुढची पट्टी. त्याच्या पुढची. उंबऱ्याशी पोचून वडील वळले आणि खेकसले, "बघतोस काय? काठी आण माझी!"

शिष्याने काठी आणून दिली आणि वडील पेरूखाली जाऊन बसले.

वृद्ध म्हणाला, "परवा मी आलो तेव्हा खिडकीच्या गजांची सावली इथं आडवी पडली होती. तेवढ्या सावलीतून तुझे वडील चालले. सावली संपली, पाय थांबले. तुझ्या डोळ्यांदेखत झालं ते; पण तू भिंती मोजत होतास. सपाट जमिनीवर या पायांना वाट सापडत नाही. आडवी रेघ आली, की ओलांडायला काहीतरी मिळतं. असं का, ते मलाही ठाऊक नाही. देह मोठा अजब आहे बाबा, त्याच्यापुढे आपली सुतारकी कुठली!"

शिष्याने हातोडा उचलला. पण पहिला खिळा ठोकण्याआधी त्याने त्या काळ्या पट्टीवर तळवा टेकवला आणि तो हात कपाळाला लावला.

जमीन कशी दिसेल हे मागाहून बघावे; तिच्यावर कोण चालणार, ते आधी बघावे.