नळीने निवडलेला खटका

बंदुकीत गारगोटीने ठिणगी पाडावी लागे, त्या काळची गोष्ट. सटवाजी लोहाराने एक लांब नळी घडवली आणि तिच्यापुढे ठिणगी पाडणारे दोन खटके ठेवले. एक चांदीच्या वेलबुट्टीचा, दुसरा साधा, काळा.

चांदीच्या खटक्याने लखलखीत ठिणगी पाडली. सटवाजी खूश झाला. "झालं, हाच बसवू."

"पहिली ठिणगी कुणीही पाडतं, बाबा," नळी म्हणाली. "दोघांनाही पन्नास वेळा ओढून बघा. तोवर मी कुणाला अंगाला लावून घेणार नाही."

विसाव्या खेपेला चांदीवाला नुसताच खटखटला. काळ्याची पन्नासावी ठिणगीही पहिलीइतकीच लख्ख पडली.

"पण पोरी, लोक नक्षी बघतात गं," सटवाजी कुरकुरला.

"लोकांना बघू देत की. अंगावर आलेलं रानडुक्कर नक्षी बघायला थांबत नाही."