भुऱ्या आणि पोतं

“मग राहिलं काय?” महाराजांनी विचारलं.

मठात नवीन आलेला तरुण गदाधरशास्त्री उपरणं सावरू लागला.

पायरीशी सोमा नावाडी रिकामं पोतं घेऊन उभा होता. मठाचा म्हातारा कुत्रा भुऱ्या त्यात घालून नदीपलीकडच्या रानात सोडायचा, असं गदाधरनं परस्पर ठरवून टाकलं होतं. रानात तरस हिंडतात, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. महाराजांना त्यानं सकाळीच सांगितलं होतं, मठात एक तर हे खरजुलं कुत्रं राहील, नाही तर मी.

मी ओसरीवर तांदूळ निवडत होतो. खरं सांगतो, निवडलेले खडे परत तांदळातच पडत होते.

भुऱ्याचे केस का गळतात, याची एकेक कारणं गदाधरनं खोडून काढली होती. गोचिड नाहीत, पिसवा नाहीत. गुरांच्या डॉक्टरांनी कातडी खरवडून काचेवर तपासली, खरजेचे किडे नाहीत, बुरशीही नाही. खाणंही तेच, ताक-भाकरी. तरी पाठीवरचे केस मूठमूठ गळत होते आणि खालची कातडी लाल होऊन सोलवटत होती. पोरगा हुशार आहे, पण बोलतो असा, जणू आम्ही सगळे अडाणी. मला ते आवडत नाही.

“राहिलं याचं पूर्वकर्म,” गदाधर शेवटी म्हणाला.

“केस केव्हापासून गळतायत?”

“मी मठात आलो तेव्हा बरा होता. नंतर महिनाभरात...”

“डॉक्टरांनी आणखी काय विचारलं?”

“अंगाला काय लावता म्हणून. मी सांगितलं, काही नाही.”

महाराज काठी टेकत भुऱ्याजवळ येऊन बसले.

“हात बघू,” ते म्हणाले.

गदाधरनं हात उपरण्याखाली घेतले.

“दाखव.”

त्यानं हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर भेगा, तळव्यांची सालं निघालेली, मनगटापर्यंत लाल. महाराजांनी त्यातला एक हात भुऱ्याच्या उघड्या पाठीशेजारी धरला.

भुऱ्यानं मान वळवली आणि तो हात चाटला.

गदाधर ताडकन उठला. कोपऱ्यात त्याची बादली होती, धुण्याच्या सोड्याचं पाणी भरलेली, शेजारी काथ्याची घासणी. मठ सोवळ्यात राहिला पाहिजे म्हणून भुऱ्या बाहेरून आला की गदाधर त्याला त्या पाण्यानं घासायचा, मग स्वतःचे हात. दिवसातून चार-चार वेळा. आम्ही रोज बघत होतो, आणि आमच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. लाज वाटते सांगायला.

त्यानं भुऱ्याची मान धरून त्याला बादलीकडे ओढलं. भुऱ्या ओरडलासुद्धा नाही, नुसता थरथरत राहिला.

महाराजांनी काठी बादलीवर आडवी ठेवली.

गदाधर थांबला. त्यानं आपल्या हाताकडे बघितलं, मग भुऱ्याच्या पाठीकडे. त्यानं भुऱ्याची मान सोडली.

महाराजांनी बादली पालथी केली. बादली, घासणी आणि सोड्याचा डबा सोमाच्या पोत्यात टाकला, तोंड बांधलं आणि पोतं गदाधरच्या हातात दिलं.

“नदीपलीकडे सोडून ये,” ते म्हणाले. “परत यायचं की नाही, ते भुऱ्याला विचार.”