कोरडा ठसा

पूर्वी शोणावती नगरीवर राजा अरिंदमाची सत्ता असताना बोधिसत्त्व त्याचा न्यायामात्य होता. दिवसभर तो लोकांचे तंटे ऐके आणि उरलेला वेळ खोगिरे शिवण्यात घालवी. त्यावर काही त्याचे पोट नव्हते. आवड होती, इतकेच. वृद्ध चर्मकार भद्दकाकडे बसून तो कातडे कापायला आणि आरीने भोके पाडायला शिकला होता. "अमात्य, टाका देखणा आहे तुमचा," भद्दक म्हणे, "पण घोडा टाका बघत नाही." बोधिसत्त्व हसे आणि टाका आणखी बारीक घाली.

दोन वर्षे खपून त्याने एक खोगीर केले. वरून एकही गाठ दिसू नये म्हणून सगळ्या गाठी खालच्या अंगाला घेतल्या. राजाला ते इतके आवडले की तहासाठी सीमेवर जाताना आपल्या सुमुख नावाच्या घोड्यावर हेच चढवायचे, असे त्याने ठरवले. वाट सहा दिवसांची होती. खोगिराची पूजा झाली, मुहूर्त निघाला.

खोगीर करणाऱ्यांची एक रीत आहे. नवे खोगीर घालून घोडा घाम येईपर्यंत फिरवायचा, मग ते उतरवून पाठ बघायची. पाठ सारखी ओली असली तर खोगीर नीट बसले. मधेच कोरडा ठसा राहिला तर तिथे ते दाबते, आणि लांबच्या वाटेवर नेमकी तिथेच जखम होते.

निघण्याच्या आदल्या सकाळी बोधिसत्त्वाने सुमुखाला फिरवून आणले. खोगीर उतरवून पाहतो तो मानेमागच्या उंचवट्यापाशी विड्याच्या पानाएवढी जागा कोरडी. त्याने तिथे हात दाबला. घोडा हलला नाही. तेव्हा कोणाही कारागिराच्या मनात येते तेच त्याच्याही आले. ऊन कोवळे होते, घाम कमी आला असेल. कदाचित आपणच फार बघतो.

तो घरी आला तेव्हा त्याची पत्नी उत्पला तान्ह्या मुलाचे दुपटे सोडून कुठे वळ उठला आहे का, ते पाहत होती. हे ती दिवसातून दहादा पाही आणि स्वतःलाच हसे. बोधिसत्त्वाने तिला ठशाचे सांगितले, आणि घोडा मात्र अगदी शांत उभा होता, हेही सांगितले.

"हाही शांतच असतो," उत्पला म्हणाली. "म्हणून दुपट्याची गाठ सैल आहे असे मी धरून चालत नाही. भित्री म्हणा हवे तर."

बोधिसत्त्व तसाच उठला. राजापुढे खोगीर पालथे ठेवून त्याने आपली चूक सांगितली. सेनापती वल्लभ म्हणाला की पूजलेले खोगीर बदलणे अपशकुन आहे, आणि सहा दिवस सोसायला घोडा काही लोण्याचा नाही. राजाचा चेहरा उतरला.

"घोड्याने केली का तुझ्याकडे तक्रार?"

"त्याला करता येत नाही, महाराज. ज्याने खोगीर केले त्यानेच ती करायची." असे म्हणून त्याने रापीने खालचे अस्तर उभे चिरले. गाठींची रांग उघडी पडली.

पूजलेली वस्तू चिरली म्हणून राजाने त्याचे अमात्यपद तिथल्या तिथे काढून घेतले, आणि भद्दकाचे साधे खोगीर घालून तो निघून गेला. बोधिसत्त्व भद्दकाच्या ओट्यावर बसून आपले टाके एकेक करून उसवत राहिला. भद्दकाने सरकून जागा करून दिली.

पंधरवड्याने राजा परतला तो थेट त्या ओट्यापाशीच उतरला. त्याने स्वतः पोटपट्टा सोडला, खोगीर खाली घेतले. पाठ सगळीकडे सारखी ओली होती. त्या पाठीवरून राजाने हात फिरवला.

"उद्या न्यायसभेत या," एवढेच तो बोलला.

पुढे त्या सभेत कोणताही निवाडा देण्याआधी राजा विचारी, "यात गप्प कोण आहे?" आणि त्याचे म्हणणे कळेपर्यंत निवाडा होत नसे.

ही कथा सांगून शास्त्या भगवंतांनी जन्मांचा मेळ घातला. "भिक्षूंनो, तेव्हाचा वल्लभ तो देवदत्त, राजा तो आनंद, भद्दक तो सारिपुत्त, सुमुख तो माझा घोडा कंथक आणि उत्पला ती राहुलमाता. स्वतःचे टाके उसवणारा मी होतो."

कोणी विचारण्याआधी आपला दोष सांगणे, ही सत्याची पारमिता.